मुलाबाळांसह परमुलखात



बिऱ्हाड हलवायचे म्हटले की मोठ्या माणसाला भांडीकुंडी दिसतात, भाडे दिसते, पुढची मिळकत दिसते. पोराला मात्र एकच चिंता असते: नव्या गावात खेळायला कोण मिळेल, आणि त्याचे बोलणे आपल्याला कळेल का? आज तुम्हांला काही कुटुंबांची हकीकत सांगतो. मुलांची भाषा टिकावी म्हणून ती अर्धी पृथ्वी ओलांडून गेली आणि स्पॅनिश भाषेच्या देशात त्यांनी संसार मांडला.

इंग्लंडला लागून वेल्स नावाचा लहानसा देश आहे. तेथली भाषा वेल्श. एकोणिसाव्या शतकात तेथील कित्येक शाळांतून मुलाच्या तोंडी वेल्श शब्द आला की त्याच्या गळ्यात लाकडाची पट्टी अडकवीत. दुसरा कोणी चुकला की पट्टी त्याच्या गळ्यात जाई. आणि शाळा सुटताना ती ज्याच्याकडे असेल, त्याला छडी! म्हणजे मुलांनीच मुलांवर पाळत ठेवायची. हे पाहून मायकेल जोन्स नावाच्या धर्मोपदेशकाने आणि त्याच्या सोबत्यांनी ठरविले की, जेथे आपली भाषा व आपली उपासना यांना कोणी हटकणार नाही अशी जागा शोधायची. दक्षिण अमेरिकेतील आर्जेन्टिना सरकारने पॅटागोनियात जमीन देऊ केली.

1865 च्या मे महिन्यात लिव्हरपूल बंदरातून ‘मिमोसा’ हे जहाज निघाले. मूळचे ते चहा वाहणारे जहाज. त्यात माणसांसाठी फळ्या ठोकून घेतलेल्या. प्रवासी सुमारे 150, त्यांत तिसरा हिस्सा मुले. दोन महिने समुद्रावर गेले. काही लेकरे वाटेतच दगावली. 28 जुलैला मंडळी किनाऱ्याला लागली. आता तिकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, बरं का! पुढे चुबुत नदीपर्यंत साठ-पासष्ट किलोमीटरची वाट, आणि प्यायच्या पाण्याची मारामार. वर्षाचा पाऊस जेमतेम आठ इंच. पहिली पिके करपली.

अशा वेळी तेहुएल्चे नावाचे तेथले मूळ रहिवासी भेटले. त्यांनी शिकार शिकविली. यांनी पाव द्यावा, त्यांनी मांस द्यावे, असा व्यवहार सुरू झाला. एकमेकांची भाषा न कळताही पोटाची भाषा कळली! मग 1867 साली अॅरन जेंकिन्स या शेतकऱ्याने चर खणून नदीचे पाणी शेतात घेतले. ही युक्ती त्याची बायको रेचल हिने सुचविली असे तिकडे सांगतात. गहू तरारला. मग कालवे झाले, गायमन आणि त्रेलेव ही गावे उभी राहिली. शाळेसाठी वेल्श वाचनपाठांचे पुस्तक तेथेच तयार झाले. 1878 साली ते छापून मुलांच्या हाती पडले.

पण खरी परीक्षा पुढेच होती. 1884 साली आर्जेन्टिनाने सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा केला आणि हळूहळू शाळांतून स्पॅनिश आली. इटलीचे, स्पेनचे लोक शेजारी राहायला आले. मुले त्यांच्यात खेळू लागली, आणि खेळता खेळता स्पॅनिश बोलू लागली. त्यात नवल ते काय? मूल भाषा शिकते ते सवंगड्यांकडून. बाप अजून बाजारात बोटांनी भाव करतो आहे, तोवर पोरगा त्याचा दुभाषी होऊन बसलेला असतो.

सरकारी भाषेचा काहींना राग आला, शिवाय 1899 साली नदीला मोठा पूर आला. 1902 साली दोनशेवर माणसे कॅनडाला निघून गेली. पण त्याच वर्षी डोंगराकडच्या खोऱ्यातील वेल्श वस्तीला विचारण्यात आले की, तुम्हांला चिलीत राहायचे की आर्जेन्टिनात? एका शाळेत जमून त्यांनी आर्जेन्टिनाच्या बाजूने कौल दिला. वेल्श न सोडताही हा देश आपला म्हणता येतो, हे त्यांना पटले होते.

मग वेल्श टिकली कशाने? एकान्ताने नव्हे. घरात ती बोलली गेली, रविवारच्या पाठशाळेत वाचली गेली, गाण्याच्या आणि कवितेच्या मेळ्यांत गाजली. म्हणजे भाषेला काम होते. विसाव्या शतकात ते काम कमी झाले, तशी ती आजीआजोबांपुरती उरू लागली. 1997 पासून वेल्समधून शिक्षक पाठविण्याची योजना चालू झाली, आणि आज तेथे वेल्श आणि स्पॅनिश एकत्र शिकविणाऱ्या शाळा आहेत.

उलट बाजूही सांगायला हवी. ज्यांनी शिकार शिकविली त्या तेहुएल्चे लोकांना 1880 च्या सुमारास सरकारी फौजांनी हुसकून लावले. त्यांच्या भाषांना ना शाळा मिळाली, ना पुस्तक. आज त्या घराघरांतून ऐकू येत नाहीत.

तेव्हा परमुलखात लेकरे घेऊन जाणाऱ्याने तेथली भाषा मुलाला मोकळेपणी शिकू द्यावी. तिच्याशी भांडू नये. मात्र घरी आपल्या भाषेला रोजचे काम द्यावे: गोष्ट, गाणे, हिशेब, आजोळचे पत्र. नुसत्या अभिमानाने भाषा जगत नाही, वापराने जगते. आणि शिक्षकबंधूंनो, भगिनींनो, तुमच्या वर्गात परक्या बोलीचे एखादे मूल गप्प बसलेले असेल, तर त्याला मठ्ठ समजू नका. ते ऐकते आहे. त्याच्या भाषेतला एक शब्द तुम्ही शिकून घ्या. तुमचे दहा शब्द ते आपणहून उचलील.