बिंबिकांवरचे विष

रक्ताच्या घनमिलिमीटरमध्ये सुमारे १.५ ते ४.५ लाख संख्येने वावरणाऱ्या आणि ८-१० दिवसांचेच आयुष्य लाभलेल्या रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, जखमेच्या बंदोबस्तास तैनात असतात. परंतु गळवांत आढळणाऱ्या स्टॅफिलोकॉकस ऑरियस जंतूच्या अल्फा विषाचे ७ रेणू त्यांच्या आवरणावर वर्तुळाकार जुळून जे छिद्र पाडतात, त्यातून कॅल्शियम आत शिरताच बिंबिका जखमेवाचूनही परस्परांना चिकटू लागतात, हे विलक्षणच. त्यातून यकृताचा शिरस्ता असा की, पृष्ठभागावरील सायलिक आम्ल गमावलेली बिंबिका जीर्ण समजून रक्तातून काढावी. आणि हे धूर्त विष नेमके तेच आम्ल झडवते. सबब, तापात प्लेटलेट्स घसरल्या की सरसकट डेंगीच्या खाती टाकू नये. रक्तात जंतुसंसर्ग नाही ना, हे डॉक्टरांकडून विनाविलंब तपासून घ्यावे.