भविष्यकथा आणि हुमनाबादचा रस्ता

युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या देशाचे पुढे काय होईल, याची कल्पना करणाऱ्या भविष्यकथा अलीकडे पुष्कळ वाचल्या जातात. त्यांत सहसा दोन चित्रे आढळतात : एक राखेचे, दुसरे झगझगीत नव्या राजधानीचे. या राखेतून त्या राजधानीपर्यंत माणसे कोणत्या वाटेने गेली, हे मात्र कथाकार क्वचितच सांगतो.

एच. जी. वेल्स यांचेच उदाहरण घ्या. १९३३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द शेप ऑफ थिंग्ज टु कम’ या ग्रंथात त्यांनी जानेवारी १९४० मध्ये, दान्झिगच्या तंट्यावरून, युरोपात युद्ध पेटविले. प्रत्यक्षात ते सप्टेंबर १९३९ मध्ये पेटले. चूक अवघ्या चार महिन्यांची! पुढे वैमानिक आणि तंत्रज्ञ साऱ्या जगाचा कारभार हाती घेतील, ही त्यांची कल्पना मात्र कल्पनाच राहिली. युद्धाचे भाकीत साधले, शांततेचे फसले. असे का व्हावे?

उत्तरासाठी दूर जावयास नको. सोलापूरहून हैदराबादेस जाणारा रस्ता हुमनाबादवरून जातो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून निजामाच्या मुलुखात शिरले, नळदुर्ग घेऊन याच रस्त्याने पुढे सरकले, आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. समजा, त्या सायंकाळी हुमनाबादच्या एखाद्या लेखकाने आपल्या मुलुखाची भविष्यकथा लिहावयास घेतली असती. राजवट पालटेल, एवढे त्याने खास लिहिले असते. पण शरण आलेला निजामच १९५० साली त्या राज्याचा राजप्रमुख होईल, हे त्याला सुचले असते काय? किंवा १ नोव्हेंबर १९५६ रोजी ते राज्यच नकाशावरून जाईल. बीदर जिल्ह्याचे तीन वाटे होऊन उदगीर-निलंगा मुंबई राज्यात, जहीराबाद आंध्र प्रदेशात आणि हुमनाबाद म्हैसूर राज्यात जाईल, हे?

याहूनही अवघड गोष्ट पुढेच आहे. मे १९४८ मध्ये याच परिसरातील गोरटा गावी रझाकारांनी गावकऱ्यांची कत्तल केली. सप्टेंबरनंतर उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान रहिवाशांवर भयंकर सूड उगवला गेला. सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने साऱ्या संस्थानात निदान २७ ते ४० हजार माणसे प्राणांस मुकली असावीत, असा अंदाज केला. तो अहवाल सर्वसामान्यांस पाहावयास मिळाला २०१३ साली. पासष्ट वर्षांचे हे मौन कोणत्या कथाकाराने आधी कल्पिले असते?

युद्धाचा निर्णय मूठभर माणसे घेतात, म्हणून त्याचा अदमास बांधता येतो. शांतता घरोघरी ठरते. पळून गेलेला शेजारी परतला तर त्याला त्याचे शेत मिळते की नाही, एकाच आडावर पुन्हा पाणी भरले जाते की नाही, यावर ती अवलंबून असते.

हुमनाबादेजवळच माणिकनगर आहे. १८६५ साली समाधिस्थ झालेल्या माणिकप्रभूंनी तेथे सकलमत संप्रदाय स्थापिला. सर्व मतांचा आदर राखून एकत्र नांदावे, ही त्यांची शिकवण. एका अर्थी तीही उद्याची कल्पनाच होती. १९४८ साली या मुलुखात तिची कठोर परीक्षा झाली आणि पुष्कळ ठिकाणी माणसे त्या परीक्षेत उतरली नाहीत. तरीही दत्तजयंतीच्या सुमारास माणिकनगरास आजही यात्रा भरते. कल्पना पराभूत झाली म्हणून ती टाकून द्यावयाची नसते, एवढे त्यावरून कळते.

तेव्हा एखाद्या युद्धग्रस्त देशाची भविष्यकथा आपल्या हाती आली, तर तिच्यातील उंच इमारती खुशाल पाहाव्यात. परंतु दोन प्रश्न अवश्य विचारावेत. गेलेल्यांची मोजदाद कोणी ठेवली? आणि परतलेल्यास दार कोणी उघडले? ज्या कथेत यांची उत्तरे असतील, तिच्यातला देश खरोखर उभा राहण्याजोगा आहे, असे समजावे.