दुसरी प्रत आणि तिची तपासणी

(बुलढाणा येथे अधिकारी, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मी कलाशाखेचा पदवीधर आहे. संगणकशास्त्राचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. तरीही एका संगणकीय विषयावर बोलण्यास मी आपल्यापुढे उभा आहे, कारण तो विषय मुळात दप्तराचा आहे; आणि दप्तराशी आपणा सर्वांचा संबंध रोजचा आहे.

आपल्या वऱ्हाडात जातीच्या दाखल्यासाठी जुना पुरावा हवा असला की आजही पुष्कळांना तहसील कार्यालयातून कोतवाल बुकाची नक्कल काढावी लागते. पणजोबांच्या जन्माची एक ओळ त्या बुकात सापडली तर पणतूच्या प्रवेशाचा मार्ग मोकळा होतो. ते पान वाळवीने खाल्ले असेल, तर त्या कुटुंबाचा तेवढा पुरावा कायमचा गेलेला असतो. नोंद एकाच ठिकाणी असणे किती धोक्याचे आहे, हे आपल्या जिल्ह्याला कोणी नव्याने शिकवावयास नको.

दप्तर गेले कोठे?

आज ही दप्तरे संगणकात गेली आहेत. डिजिटल स्वाक्षरीचा ७/१२ राज्यात १ मे २०१८ पासून मिळू लागला. ग्रामपंचायतींच्या आराखड्यांसाठी व हिशेबांसाठी ई-ग्रामस्वराज हे पोर्टल २४ एप्रिल २०२० रोजी सुरू झाले. विद्यार्थ्यांची माहिती शिक्षक ऑनलाइन भरतात. म्हणजे मेहकरच्या किंवा मलकापूरच्या शेतकऱ्याचा अभिलेख आता तालुक्याच्या कपाटात नसून दूरच्या शहरातील डेटा सेंटरमध्ये असतो. राज्य शासनाचे डेटा सेंटर मुंबईत आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची राष्ट्रीय डेटा सेंटर दिल्ली, पुणे, हैदराबाद व भुवनेश्वर येथे आहेत.

याचा लाभ आपण पाहिला आहे. जुलै २०२३ मध्ये संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला. ज्यांच्या घरातील कागदपत्रे पाण्यात गेली, त्यांचाही ७/१२ दूरच्या सर्व्हरवर कोरडा होता. परंतु संकट त्या सर्व्हरच्याच इमारतीवर आले तर? २१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत पाच जणांचे प्राण गेले आणि असंख्य फायली भस्मसात झाल्या. तेव्हापासून ही शंका कोणाला अवास्तव वाटत नाही.

म्हणून महत्त्वाच्या माहितीसाठ्याची दुसरी प्रत दूर अंतरावरील दुसऱ्या साठवण यंत्रणेवर सतत उतरवली जाते. तिला ‘रेप्लिकेशन’ म्हणतात. आपण तिला ‘दूरप्रत’ म्हणू.

प्रत उतरवण्याच्या दोन रीती

पहिल्या रीतीत नोंद दोन्ही ठिकाणी लिहिली गेल्याखेरीज ‘नोंद झाली’ असे यंत्र सांगतच नाही. यात काहीही गमावले जात नाही. तथापि प्रत्येक नोंदीला दुसऱ्या ठिकाणच्या होकाराची वाट पाहावी लागते. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे शंभर किलोमीटर जाऊन परत येण्यास एक सहस्रांश सेकंद लागतो. हा वेळ क्षुल्लक वाटतो. पण सेकंदाला हजारो नोंदी होत असतील आणि अंतर सहाशे किलोमीटर असेल, तर काम मंदावते. म्हणून ही रीत जवळच्या अंतरासाठी वापरली जाते.

दुसऱ्या रीतीत नोंद येथे पूर्ण होते आणि तिची प्रत मागाहून रवाना होते. अंतराची अडचण उरत नाही, परंतु प्रत नेहमी थोडी मागे राहते. किती मागे? काही सेकंद, की काही तास? याच प्रश्नापासून तपासणीला आरंभ होतो.

पाहावयाच्या गोष्टी

तलाठ्याच्या दप्तराची मंडळ अधिकाऱ्याने तपासणी करावी, ही आपल्या महसुली व्यवस्थेची जुनी शिस्त आहे. दूरप्रतीलाही तीच शिस्त लागते. पहिली गोष्ट म्हणजे प्रत किती मागे आहे. आज दहा सेकंद, उद्या एक मिनिट, परवा दहा मिनिटे, असे अंतर वाढत असेल तर बिघाड होण्यापूर्वीच तो ओळखता येतो. दुसरी गोष्ट, रवाना होण्यासाठी थांबलेल्या नोंदींची रांग. अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी किंवा मार्चअखेरीस नोंदींचा लोंढा येतो; त्या मानाने तार अपुरी पडली की रांग भरते, आणि भरून वाहू लागली की प्रत उतरवणेच थांबते.

तिसरी गोष्ट आहे ती नोंदींच्या मेळाची. गाव नमुना ६ मध्ये फेरफार प्रमाणित झाला, त्यानुसार ७/१२ बदलला आणि ८अ बदलला. या तिन्हींत मेळ हवा. दूरप्रतीत ७/१२ आजचा आणि फेरफार कालचा असेल, तर तिन्ही कागद जवळ असूनही जमीन कोणाची हे सांगता येणार नाही. म्हणून परस्परांशी संबंधित माहितीसाठे एका गटात बांधून, ज्या क्रमाने मूळ नोंदी झाल्या त्याच क्रमाने त्यांची प्रत उतरवावी लागते. तो गट अभंग आहे काय, हे वेळोवेळी पाहावे लागते.

चौथी गोष्ट आपल्या कार्यालयांना विशेष परिचयाची आहे. प्रत थांबली तर यंत्र इशारा देते, हे खरे. पण इशारा आला नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असे मानणे चूक आहे. कारण इशारा देणारी यंत्रणाच बंद पडलेली असू शकते. आपण वरिष्ठांकडे ‘निरंक’ अहवाल पाठवतो तो याचसाठी. अहवाल न येणे वेगळे आणि निरंक अहवाल येणे वेगळे. दूरप्रतीकडूनही रोज ‘मी अद्ययावत आहे’ असा होकार आला पाहिजे, आणि तो न आल्यास कोणी विचारणा करावी हे ठरलेले पाहिजे.

येथे मला माझीच एक चूक सांगितली पाहिजे. मी पूर्वी ज्या कार्यालयात होतो तेथे कार्यक्रमांची छायाचित्रे रोज रात्री आपोआप दुसऱ्या हार्ड डिस्कवर उतरत असत. तिचा हिरवा दिवा दिसला की आम्ही निश्चिंत होत असू. एके दिवशी मूळ डिस्क बिघडली. दुसरी उघडली तेव्हा कळले की तिच्यातील जागा कित्येक महिन्यांपूर्वीच संपली होती आणि तेव्हापासून एकही छायाचित्र उतरले नव्हते. दिव्याचा अर्थ वीज चालू आहे एवढाच होता. यंत्राने फसवले नव्हते. आत डोकावून पाहणे हे आमच्यापैकी कोणाचेच नेमून दिलेले काम नव्हते.

दोन मोठे धडे

मोठमोठ्या संस्थाही यातून सुटलेल्या नाहीत. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी थांबले, ते दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले. दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या दूरसंचार तारा एकाच वेळी अस्थिर झाल्या होत्या. मार्गावर चाललेले खोदकाम हे त्याचे कारण सांगण्यात आले. त्या बिघाडाने मूळ ठिकाणची साठवण यंत्रणाच प्रतिसाद देईनाशी झाली. खोदकामात केबल तुटून ‘सर्व्हर डाऊन’ झाल्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. पण येथे ज्या तारांनी दोन ठिकाणे जोडली होती, त्यांच्याच दोषाने मूळ काम थांबले. दूरप्रतीचा दोर तुटला तर मूळ काम चालू ठेवावे की थांबवावे, हे आधीच ठरवून आणि तपासून ठेवावे लागते, असा याचा धडा आहे. त्यानंतर सेबीने नियम कडक केले: अर्ध्या तासात आपत्ती जाहीर करावी, पुढील ४५ मिनिटांत दुसऱ्या ठिकाणाहून काम सुरू करावे, आणि १५ मिनिटांहून अधिक काळाची माहिती गमावू नये. २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, बाजाराने खास सत्र भरवून खरे व्यवहार दुसऱ्या ठिकाणाहून करून पाहिले. दुसरी प्रत चालते की नाही, हे ती चालवल्यावाचून कळत नाही.

दुसरा धडा दक्षिण कोरियातील आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी तेथील डेजॉन शहरातील सरकारी डेटा सेंटरला बॅटरीमुळे आग लागली आणि ७०९ शासकीय संगणक प्रणाली बंद पडल्या. शासकीय कर्मचारी आपली कामाची कागदपत्रे ज्या सामायिक साठ्यात ठेवत असत, त्याची सुमारे ८५८ टेराबाइट माहिती नष्ट झाली. साठा फार मोठा असल्याने त्याची बाहेर प्रत ठेवलेलीच नव्हती. तंत्रज्ञानात अग्रेसर असलेल्या देशात हे घडले, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आणखी एक सावधगिरी. दूरप्रत ही इमानी नकलनवीस आहे. मूळ जागी कोणी चुकून नोंद पुसली किंवा दुष्ट हेतूने बिघडवली, तर ती चूकही तितक्याच तत्परतेने तिकडे उतरते. म्हणून ठरावीक तारखेची, नंतर बदलता न येणारी वेगळी प्रत, म्हणजे बॅकअप, ठेवावीच लागते.

आपले काम

हे सर्व मुंबई-दिल्लीच्या तंत्रज्ञांचे काम आहे, असे आपणास वाटेल. परंतु आपल्या जिल्ह्यात तेरा तालुके आहेत आणि प्रत्येक कार्यालयात काही ना काही माहिती केवळ स्थानिक संगणकावर आहे. अधिकाऱ्यांनी पुरवठादाराशी करार करताना ‘बॅकअपची सोय आहे’ एवढ्यावर समाधान मानू नये. प्रत किती मागे असते, शेवटची चाचणी केव्हा झाली आणि बिघाड झाल्यास कोणाला कळवले जाईल, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. शिक्षक बंधुभगिनींनी शाळेचे जनरल रजिस्टर स्कॅन केले असल्यास ती प्रत त्याच कपाटात ठेवू नये, आणि महिन्यातून एकदा तिच्यातील एखादे पान उघडून पाहावे. ग्रामपंचायत सदस्यांनी मासिक सभेत एवढेच विचारावे की, आपल्या हिशेबाची दुसरी प्रत कोठे आहे आणि ती शेवटची कोणी, कधी पाहिली?

उत्तर न मिळाल्यास कोणावर रागावण्याचे कारण नाही. त्याच सभेत एकाचे नाव ठरवावे आणि पुढील सभेत त्याच्याकडून अहवाल घ्यावा, मग तो निरंक का असेना. शंभर वर्षांपूर्वीची कोतवाल बुके आज उपयोगी पडतात, कारण कोणीतरी ती जपली आणि अधूनमधून उघडून पाहिली. आपल्या पणतूंना आपल्या नोंदी सापडाव्यात, एवढी काळजी आपणही घेऊ या.