लाल सदऱ्याचे वर्ष



‘वर्ष फुकट गेले’ हे वाक्य आपण घरी किती सहज बोलतो! अमेरिकेतील कॉलेजांत काही खेळाडू असे वर्ष स्वतःहून मागून घेतात. त्याला तेथे ‘रेडशर्ट’ म्हणतात. नेब्रास्का विद्यापीठाच्या वॉरन अल्फसनने १९३७ साली हेच केले. फुटबॉल संघात त्याच्यापुढे अनुभवी खेळाडूंची रांग होती. १९४० मध्ये देशातील निवडक खेळाडूंच्या संघात त्याचे नाव आले.

व्हॉलीबॉलमध्ये सेटरची अडचण त्याहून बिकट. पाच-एक पद्धतीत सेटर एकच. दुसरा स्पर्श तिचा, चेंडू कोणाला द्यायचा हा निर्णयही तिचाच. (टाळ्या मात्र मारणारीला!) जमलेली सेटर प्रशिक्षक सहसा बदलत नाहीत, म्हणून धाकटी बाकावर. पाच वर्षांत चार हंगाम, अशी मुभा तेथे वर्षानुवर्षे होती. त्या मोकळ्या वर्षात सराव आणि अभ्यास दोन्ही चालू. पुढे जागा मिळेलच असे नाही. कित्येक जणी कॉलेज बदलतात.

माझ्या वर्गातील एका मुलाची संघात निवड झाली नाही, तेव्हा वडिलांनी त्याचे मैदानच बंद केले. मी घरी गेलो, तोवर त्याचे बूट धाकट्या भावाला देऊन झाले होते.