वारसा अपुऱ्या कामाचा

आज पदवी घेणाऱ्या माझ्या तरुण मित्रमैत्रिणींनो,

पहिलं अभिनंदन तुमच्या आईवडिलांचं आणि आजीआजोबांचं. तुमच्यापैकी कित्येकांना पहिली प्रार्थना शिकवली ती घरातल्या एखाद्या आजीने. प्रेषित पौलानेही आपल्या तीमथ्य या शिष्याला लिहिताना त्याच्या विश्वासाचा माग त्याची आई युनीके आणि आजी लोईस यांच्यापर्यंत नेला. तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगतो. सातबाऱ्यावर वारसाचं नाव लागतं, तसा विश्वास नावावर होत नाही. तो ज्याचा त्यालाच पत्करावा लागतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजाने हे कवी नारायण वामन टिळकांच्या घरात पाहिलं आहे. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि घर दुभंगलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या मुलाला, दत्तूला, घेऊन नातलगांकडे राहिल्या. त्यांच्या माहेरी वडिलांचं सोवळं इतकं कडक, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात घ्यायची नाही. अशा घरात वाढलेली बाई पुढे पतीबरोबर राहायला गेली, तरी सोवळं-ओवळं सुटलं नव्हतं. जातिभेद देवाने केला की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःच्या मनाशी सोडवला, तेव्हा कुठे १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं लागली. पतीच्या मागोमाग जाणं सोपं होतं. पण त्याचं धाडस त्यांनी उसनं घेतलं नाही. माझ्या मते टिळकांच्या घरातलं दुसरं मोठं धाडस ते हेच.

टिळकांनी ख्रिस्ताचं चरित्र ओवीत गायला घेतलं: ‘ख्रिस्तायन’. दहा-अकरा अध्यायांपर्यंत ते आलं आणि १९१९ मध्ये टिळक गेले. शाळेची पायरी न चढलेल्या लक्ष्मीबाईंनी त्यापुढचे ६४ अध्याय रचले. शेवट त्याच दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी केला, आणि १९३८ मध्ये ग्रंथ छापून निघाला. तो पाहायला लक्ष्मीबाईही राहिल्या नव्हत्या.

इथे आणखी एक गंमत पाहा. वारसा वरून खाली येतो असं आपण समजतो. पण वडिलांच्या आठवणी लिहून काढ, म्हणून आईच्या मागे लागला तो मुलगा. त्या आग्रहातून लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ जन्माला आलं. त्याचा पहिला भाग १९३४ मध्ये प्रसिद्ध झाला. पतीचा तापट स्वभाव, संसारातली ओढाताण, स्वतःची फजिती, काहीही न झाकता हसतहसत सांगणारी ती बाई आज सगळ्या महाराष्ट्राची आहे. आईला लिहितं करणारा मुलगाही विश्वासाचा वारसा पुढे नेतच होता.

पदवीधरांनो, तुमच्यातले काही उद्या मंडळीत पाळक होतील, काही वर्गात शिकवतील, काही रुग्णांच्या उशाशी उभे राहतील. घरच्यांनी तुम्हाला विश्वास दिला, पण तो पूर्ण झालेला ग्रंथ म्हणून ते देऊ शकले नाहीत. कुणाचं जातीच्या भिंतीशी भांडण अर्धं राहिलं, कुणाला मुलीला शिकवायचं होतं आणि जमलं नाही, कुणी गावात एकटं पडूनही उपासना सोडली नाही. त्यांचे शंभर गुण गाऊन हे ऋण फिटणार नाही. घरी गेल्यावर त्यांना विचारा: तुमचं काय करायचं राहिलं? मिळेल त्या उत्तरातलं जे न्यायाचं आणि प्रीतीचं असेल ते हाती घ्या. जे भीतीपोटी चालत आलं असेल ते नम्रपणे, पण ठामपणे नाकारा. नाकारण्यालाही विश्वास लागतो, हे लक्ष्मीबाईंनी दाखवलं आहे.

आणि तुमचंही काम अपुरं राहील याची लाज बाळगू नका. पुढच्यांना वाचता येईल इतक्या स्वच्छ अक्षरात ते लिहून ठेवा. प्रभू तुम्हाला बळ देवो. तुम्हा सर्वांचं मनःपूर्वक अभिनंदन!