तागडीचे दुसरे पारडे

(ज्युबिलीच्या सहभोजनाच्या तयारीसाठी भरलेल्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामाचे सहभोजन व्हावयाचे आहे, आणि त्यासाठी लागणारे मांस घाऊक खाटकाकडून एकदम घ्यावे, असे आपल्या मंडळाने ठरविले आहे. धर्मगुरूने मांसाच्या भावावजनाविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु संत पौलानेही करिंथ येथील ख्रिस्तजनांस मांसाच्या बाजाराविषयी लिहिले आहे. तेथे विकले जाते ते निःशंक मनाने खावे, मात्र आपल्या खाण्याने दुसऱ्याच्या मनास ठेच लागत असेल तर आवरते घ्यावे, असा त्याच्या उपदेशाचा आशय होय. जो विषय प्रेषितास हलका वाटला नाही, तो आम्हांस तरी हलका का वाटावा?

अनेक घरांनी मिळून मांस घेणे ही आपल्या गावठाणांत नवी गोष्ट नव्हे. लग्नघरी मांडव पडला की सारा गाव कामाला लागे. घरी पाळलेले डुक्कर कापले म्हणजे त्याच्या काळजाचे व हृदयाचेही सोरपोटेल होई, आणि व्हिनेगरच्या बळावर ते पुढे दोन-चार दिवस टिके. काही म्हणून वाया जात नसे. चार घरे मिळून बकरा घेत, तेव्हा त्याचे सारखे वाटे घालीत. प्रत्येक वाट्यात थोडे चांगले मांस, थोडी कलेजी आणि थोडी हाडेही असत. जनावर डोळ्यांदेखत कापले जाई, म्हणून त्यात मांस किती व हाड किती हे लहान मुलासही ठाऊक असे.

आता ते दिवस राहिले नाहीत. वांद्र्याचा जुना कत्तलखाना जाऊन १९७१ साली देवनारचा सुरू झाला. तेथे राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश अशा दूरच्या प्रांतांतून बकरे येतात, दलालांमार्फत विकले जातात, पशुवैद्य त्यांची तपासणी करतात, आणि मग मांस आपल्या उपनगरांतील दुकानांत पोचते. आपल्या ताटाच्या आणि जनावराच्या मध्ये असे अनेक हात आले. आपल्या ध्यानात दोनच गोष्टी उरल्या : भाव आणि वजन. ह्याच अज्ञानातून आमच्या हातून एकदा अन्याय घडला, तो आज आपणांपुढे कबूल करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

काही वर्षांपूर्वी एका सणाच्या जेवणासाठी आम्ही एका घाऊक खाटकाकडून ऐंशी किलो मटण घेतले. शिजविल्यावर ते पुरले नाही. शेवटच्या पंगतीस निव्वळ रस्सा वाढावा लागला. लगेच कुजबूज सुरू झाली की खाटकाने वजनात मारले. आम्ही चौकशी न करता बिलातील काही रक्कम तीन आठवडे अडवून ठेविली. शेवटी लग्नाच्या पंगती रांधण्यात हयात गेलेल्या एका वृद्ध मावशींनी आम्हांस हिशोब समजाविला. तीस किलोचा जिवंत बकरा कापून साफ केला की सुमारे चौदा-पंधरा किलोच उरतो. त्यातही साधारण चौथा हिस्सा हाडांचा. उरलेले मांस शिजताना आणखी पाव ते एक तृतीयांश घटते. म्हणजे आमच्या ऐंशी किलोंतून पातेल्यात चाळीस-पंचेचाळीस किलोंहून अधिक मांस उतरणे शक्यच नव्हते. “फादर,” मावशी म्हणाल्या, “चोरी खाटकानं नाही केली, चुलीनं केली.”

आम्ही त्याच दिवशी दुकानी जाऊन राहिलेले पैसे दिले व क्षमा मागितली. तो मनुष्य रागावला नाही. “काटा तुमच्या समोरच होता,” एवढेच तो म्हणाला, “विचारले असते तर हाडाचा हिशोब आधीच सांगितला असता.” दलालाचे देणे भागविण्यासाठी त्याला त्या तीन आठवड्यांत दुसरीकडून उसने घ्यावे लागले होते, हे मागाहून कळले. पैसे परत करता आले. परंतु आमच्या संशयामुळे जी घरे त्याच्या दुकानाकडे पाठ फिरवून गेली, ती सारीच परतली नाहीत. पुढच्या रविवारी वेदीवरून आम्ही आपली चूक सांगितली, तरीही.

नीतिसूत्रांच्या ग्रंथात खोट्या तागडीचा निषेध आहे, हे आपण सारे जाणतो. परंतु त्याच ग्रंथात विकत घेणाऱ्याचेही एक चित्र आहे : दुकानात असताना तो मालाला नावे ठेवितो, आणि बाहेर पडल्यावर सौद्याची फुशारकी मारतो. तागडीला पारडी दोन असतात, बंधूंनो. एकात खाटकाचे मांस असते, दुसऱ्यात आपली नियत असते.

म्हणून ह्या वेळी मंडळास आमच्या काही सूचना आहेत. मागणी आठवडाभर आधी नोंदवावी. मांस हाडासह की हाडाविना, मुंडी, पाये व वजडी वजनात धरली आहेत की नाहीत, हे भाव ठरविण्यापूर्वीच विचारावे. ताटांचा हिशोब शिजलेल्या मांसावरून करावा. माल पहाटे आणावा, बर्फात ठेवावा, आणि कलेजी त्याच दिवशी शिजवावी. आपल्या शेजारी मांस न खाणारी पुष्कळ कुटुंबे राहतात. त्यांच्या दारावरून माल झाकून न्यावा आणि हाडे गल्लीत पडू देऊ नयेत. संत पौलाचा उपदेश आपल्या उपनगरांत पाळावयाचा तो असा. आणि पैसे त्याच दिवशी, पूर्ण, चुकते करावेत.

एक सूचना वाढपाविषयी. करिंथ येथील सहभोजनात काही जण यथेच्छ जेवत आणि गरीब उपाशी राहत, ह्याबद्दल त्याच प्रेषिताने त्यांची कानउघाडणी केली होती. आपल्या पंगतीत चांगले तुकडे पाहुण्यांस आणि हाडे शेवटच्या पंगतीस, असे होऊ नये. वाढप जुन्या वाट्यांप्रमाणे सारखे असावे. पहिले पातेले उतरताच त्यातून अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी डबे जावेत. मग आम्ही अन्नावर आशीर्वाद मागू.

आणि ज्या खाटकाचे आम्ही अपराधी आहोत, त्यालाच ह्या वेळची मागणी द्यावी, अशी आमची मंडळास नम्र विनंती आहे.

परमेश्वर आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.