आचार्य, आचारी आणि संगणक

म्हैसूरला प्रा. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक लहानसे नभोवाणी केंद्र उभारले. ‘आकाशवाणी’ हे नाव त्याचेच. बोलण्याआधी यंत्रसामग्री नीट मांडावी लागते, हे त्या घराने ओळखले होते. त्याच शहरात १९६९ साली भारतीय भाषा संस्थान स्थापन झाले. संगणकाच्या उपयोगासाठी मराठीसह अनेक भारतीय भाषांचे नमुने तेथे संग्रहित होतात. परंतु असे भांडार लिहिणाराच्या हाती पोचावयाचे, तर मध्ये कोणी कारागीर हवा. त्याच्या कार्यशाळेविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

मूळ आज्ञावलीला धक्का न लावता तिला नवे कौशल्य जोडून देणारी छोटी आज्ञावली म्हणजे प्लगिन. लिबरऑफिसमध्ये मराठी शुद्धलेखन तपासणारी जोडणी घ्या. तिच्यात मुख्य फाइली दोन: एकीत शब्द, दुसरीत प्रत्ययांचे नियम. ‘झाड’ आणि त्याचे सामान्यरूप एकदा सांगितले, की झाडाला, झाडाचा, झाडावर ही रूपे नियमांनीच सिद्ध होतात.

हे काम आरंभण्यापूर्वी चार गोष्टींची सिद्धता असावी. पहिली, युनिकोडमध्ये लिहिणारा आणि अक्षरामागचे संकेतांक दाखविणारा साधा संपादक. दुसरी, चाचणीसाठी लिबरऑफिसची स्वतंत्र मांडणी. म्हणजे प्रयोग फसला तरी रोजच्या कामाचे कागद सुरक्षित राहतात. तिसरी, प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी गिटसारखी वही. चौथी, शुद्ध आणि अशुद्ध शब्दांची एक कसोटीची यादी.

या यादीत ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन्ही शब्द अवश्य असावेत. एक गुरुजनांचा, दुसरा स्वयंपाक्यांचा. त्यातला अर्धचंद्राकार ‘ऱ’ संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो: एक, नुक्त्याच्या ‘ऱ’ला हलन्त जोडून, दुसरी, साध्या ‘र’ला हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. यंत्राला मात्र ते दोन निराळे शब्द वाटतात. कोशात एकच रीत असेल, तर दुसऱ्या रीतीने शुद्ध लिहिणाऱ्याच्या शब्दाखालीही तांबडी रेघ उमटते.

यंत्राचा शब्द प्रमाण मानून तो बिचारा आपलाच शब्द खोडतो, आणि आचाऱ्यांचे आचार्य होतात! एखाद्या शासकीय पत्रात असे घडले, तर निमंत्रण भलत्याच घरी जावयाचे. ही चूक संपादकात संकेतांक पाहिल्याने उमगते आणि कसोटीच्या यादीने पकडली जाते. यासाठी मोठे भांडवल लागत नाही. वर सांगितलेली साधने विनामूल्य मिळतात. हवी असते ती मांडामांड करण्याइतकी सबुरी आणि आपल्या भाषेच्या बारकाव्यांविषयी आस्था. यातील दुसरी गोष्ट आपली आपणच आणावयाची आहे.